शाळेचा तंत्रज्ञान आराखडा: आधी काय ठरवायचं, आधी काय घ्यायचं?

निळी शाई

नमस्कार मंडळी. पाचवी ते दहावीच्या १२ तुकड्या, प्रत्येक तुकडीत साधारण ४० मुलं, अशा शाळेसाठी तीन वर्षांचा तंत्रज्ञान आराखडा लिहायचा आहे. समितीपुढे सध्या आलेला मसुदा असा: पहिल्या वर्षी ३० लॅपटॉप आणि ते ठेवायची चाकांची एक कार्ट, सहा वर्गांत प्रोजेक्टर, सगळ्या इमारतीत वाय-फाय. दुसऱ्या वर्षी टॅबलेट आणि शिक्षकांचं प्रशिक्षण. तिसऱ्या वर्षी एआय.

माझं मत असं की हा आराखडा नाही, ही खरेदीची यादी आहे. यात कोणत्या विषयाच्या कोणत्या धड्याला काय उपयोग, हे एका ओळीतही नाही. प्रशिक्षण दुसऱ्या वर्षी, म्हणजे पहिलं वर्षभर वस्तू नुसत्या पडून. पण "मग तुम्ही लिहून द्या" म्हटल्यावर नेमकं काय लिहायचं? क्रम काय असावा? कार्ट बरी की स्वतंत्र संगणक कक्ष? आणि वर्षअखेरीला उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया तपशिलात लिहा.

खडूफळा

शंका रास्त आहे. सुरुवात धड्यापासून करा.

प्रत्येक विषयशिक्षकाकडून फक्त तीन घटक लिहून घ्या: जिथे दरवर्षी मुलं अडतात आणि फळा-खडू कमी पडतो असे. दहा नकोत, तीनच. प्रत्येक घटकापुढे चार रकाने: मुलं नेमकी कुठे चुकतात, पडद्यावर काय दिसलं तर ती चूक सुटेल, त्यासाठी किमान काय लागेल (एक पडदा पुरेल की मुलांच्या हातात यंत्र हवं), आणि वीज किंवा इंटरनेट गेलं तर तो तास कसा घ्यायचा. चौथा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला कागद परत द्यायचा.

उदाहरण देतो. नववी-दहावीत y = mx + c शिकवताना मुलं m (रेषेचा उतार) आणि c (रेषा y-अक्षाला कुठे छेदते ते) यांची गल्लत करतात. फळ्यावर एका तासात चार-पाच रेषा काढून होतात. जिओजेब्रा या गणिताच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये m ला स्लायडर लावला की मिनिटाभरात पन्नास रेषा दिसतात. पण स्लायडर हलवण्याआधी मुलांनी वहीत लिहायचं: m ऋण केला तर रेषा कुठे झुकेल, c वाढवला तर कुठे सरकेल. मगच हलवायचा. हा अंदाजाचा टप्पा वगळला तर मुलं हलणारं चित्र बघतात आणि विसरतात. याला एक पडदा पुरतो, मुलांच्या हातात काही लागत नाही.

उलट विद्युत परिपथ घ्या. फेटचं परिपथ जोडायचं सिम्युलेशन मुलांनी स्वतः हाताळलं तरच अर्थ आहे, म्हणून तिथे दोघांत एक यंत्र हवं. (फेट कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, २००२ मध्ये कार्ल वायमन यांनी सुरू केलेला. नवी सिम्युलेशनं उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात आणि बरीचशी मराठीतही आहेत.)

असे ४०-५० घटक जमले की यादी आपोआप बोलायला लागते. बहुतेक वेळा निघतं ते असं की निम्म्याहून जास्त ठिकाणी एक पडदा आणि चांगला शिक्षक एवढंच पुरतं.

शेवटचा बाक

+१. वाचनखूण साठवली आहे.

तारतंत्री

शैक्षणिक बाजू जाणकार लिहितीलच, मी विजेचं लिहितो. आराखड्यात नेमका हाच भाग राहून जातो.

३० लॅपटॉप × ६५ वॅट = १९५० वॅट. २३० व्होल्टला साधारण साडेआठ अँपिअर. सगळे चार्जर कायम एवढं ओढत नाहीत, पण हिशेब कमाल भाराचाच धरायचा. वर्गातल्या पंखे-दिव्यांच्या सर्किटवर ही कार्ट लावली तर कधी ना कधी एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारं बटण) पडणार. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन जोडून लावली तर पिना तापून प्लग काळा पडणार. तेव्हा कार्टच्या जागी १६ अँपिअरचं स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी आणि तपासलेलं अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर इलेक्ट्रिशियनला सांगून पहिल्यांदा अर्थिंग बघायचं.

दुसरं म्हणजे १५-१५ चे दोन गट करून टायमरने आळीपाळीने चार्ज करा. एकदम ३० चार्जर सुरू होताना जो झटका बसतो तोही टळतो. कार्टचं दार चार्जिंगच्या वेळी पूर्ण बंद नको, उष्णता बाहेर पडायला वाट हवी. बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच सर्वात लवकर घटतं.

तिसरं, यूपीएस कशाला लावायचा हे ठरवून लिहा. लॅपटॉपना स्वतःची बॅटरी असते, त्यांना यूपीएस लागत नाही. तो लागतो राउटर, स्विच आणि वाय-फायच्या ठाण्यांना (ॲक्सेस पॉइंट). त्यांचा सगळा भार ६० वॅटच्या आसपास असेल तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असलेला छोटा यूपीएस अर्धा-पाऊण तास ओढतो, म्हणजे जवळजवळ एक तासिका निभावते. ती बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. हा खर्च आराखड्यात आजच लिहा, नाहीतर तिसऱ्या वर्षी यूपीएस नुसता शोभेला उरतो.

बिनतारी

तारतंत्री, उत्तम प्रतिसाद. त्याला जोडून नेटवर्कचं लिहितो. थोडं लांबेल.

"सगळ्या इमारतीत वाय-फाय" हे वाक्य आराखड्यातून काढून टाका. त्याऐवजी लिहा: कोणत्या खोलीत एका वेळी किती यंत्रं आणि ती काय करणार. ३० मुलांनी एकाच वेळी ७२०p चा व्हिडिओ लावला तर प्रत्येकी अडीच एमबीपीएस धरून ७५ एमबीपीएस सलग लागतात. कागदावर १०० चं कनेक्शन असलं तरी त्याच वेळी कार्यालयात फॉर्म भरणं चालू असतं. तेव्हा व्हिडिओ एकदाच पडद्यावर दाखवा, किंवा साहित्य शाळेतच साठवा. कोलिब्री नावाची मोफत प्रणाली आहे, ती जुन्या डेस्कटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालते. मुलं ब्राउझरमधून उघडतात आणि कोणी कोणते सराव सोडवले हे शिक्षकाला दिसतं. इंटरनेट लागतं ते फक्त साहित्य उतरवताना, ते रात्री लावून ठेवायचं. विकिपीडियासाठी किविक्स, तेही तसंच.

आता ठाण्यांची जागा. व्हरांड्यात एक ठाणं लावून दोन्ही बाजूंचे चार वर्ग झाकायचे, हा सर्वत्र दिसणारा प्रकार. भिंती सिग्नल खातात आणि ४० मुलांची गर्दी त्यात भर घालते. जिथे कार्ट वापरणार त्या खोलीतच ठाणं हवं. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हेच चॅनल वापरा, कारण मधले चॅनल शेजारच्यांवर चढतात. लॅपटॉप मात्र ५ गिगाहर्ट्झवर घ्या आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. रुंद चॅनलने एका यंत्राचा वेग वाढतो, भरलेल्या शाळेत मात्र सगळ्यांचा मिळून कमी होतो. ठाण्याची ताकदही कमाल ठेवू नका. नाहीतर लॅपटॉप दुसऱ्या मजल्यावर गेला तरी पहिल्या मजल्यावरच्या ठाण्याला चिकटून राहतो आणि रखडतो.

ठाण्यांना तार ओढायचीच. कॅट-६, एका टप्प्यात १०० मीटरच्या आत, आणि स्विच पीओई असलेला, म्हणजे वीजही त्याच तारेतून जाते आणि छतापाशी प्लग काढावा लागत नाही.

शेवटचं, आणि हे बऱ्याच जणांना कळतच नाही: "सकाळी चालतं, दुपारी कनेक्ट होत नाही." नेहमीच्या राउटरच्या मांडणीत यंत्रांना वाटायला जेमतेम अडीचशे पत्ते (आयपी) असतात. एकदा दिलेला पत्ता बहुधा २४ तास राखून ठेवला जातो. शिक्षकांचे फोन, पालकांचे फोन, त्यात काही फोन आपला ओळखपत्ता मधूनमधून बदलतात आणि प्रत्येक बदलाला नवा पत्ता घेतात. दुपारपर्यंत पत्ते संपतात. सिग्नल पूर्ण दिसतो, पण यंत्र जोडलं जात नाही. उपाय: पत्ता राखायची मुदत दोन तासांवर आणा आणि कार्यालय, विद्यार्थी, पाहुणे अशी तीन वेगळी जाळी करा. परीक्षेचे गुण ज्या संगणकात आहेत तो मुलांच्या जाळ्यावर कधीच नको.

अपूर्णांक

निळी शाई, कार्टबद्दल एक साधं गणित मांडते. रोज ८ तासिका, आठवड्याला पाच दिवस म्हणजे ४० तासिका. १२ तुकड्या. एका तुकडीच्या वाट्याला आठवड्याला जास्तीत जास्त सव्वातीन तास, तेही कार्ट एकही तास रिकामी न राहता. प्रत्यक्षात मजले बदलणं, चार्जिंग, घटक चाचण्या धरता दोन मिळाले तरी पुष्कळ. आणि त्या दोन तासांवर सहा विषय हक्क सांगणार. म्हणजे "सर्व विषयांत तंत्रज्ञान" हे पहिल्या वर्षी शक्यच नाही. दोन इयत्ता आणि दोन विषय निवडा.

एका तासाचंही बघा. ४५ मिनिटांपैकी वाटप ५, लॉगिन ५, शेवटी गोळा करून चार्जरला लावणं ५. उरली ३०. यातली दहा तरी वाचवता येतात: लॅपटॉपवर ठळक क्रमांक, हजेरीपटावर त्या मुलासमोर तोच क्रमांक कायम, आणि प्रत्येक ओळीतलं एकच मूल येऊन ओळीचे लॅपटॉप नेणार. क्रमांक ठरलेला असला की "बाई, याची कळ आधीच तुटली होती" हा वादही मिटतो.

पेटीकुलूप

अपूर्णांक यांच्याशी सहमत, पण मुळात कार्टच का? दारांना उंबरे असले आणि मजल्यांमध्ये लिफ्ट नसली की कार्ट एकाच मजल्यावर अडकते. दहा-दहा लॅपटॉपच्या तीन पेट्या करा, दोन मुलं उचलून नेतील. एका पेटीत तीन-चार मुलांत एक याप्रमाणे अख्खा वर्ग बसतो.

खडूफळा

चार मुलांत एक लॅपटॉप म्हणजे एक मूल काम करतं आणि तिघं बघतात. आणि काम करणारं मूल बहुतेक वेळा ज्याला आधीच येतं तेच असतं. मी याच्या विरोधात आहे.

पेटीकुलूप

आक्षेप मान्य, पण उपाय आहे. वर्ग अर्धा करायचा. २० मुलं वहीत उदाहरणं सोडवणार, २० मुलं दहा लॅपटॉपवर जोडीने. १५ मिनिटांनी अदलाबदल. जोडीतही कामं ठरलेली: एकाने सांगायचं, दुसऱ्याने हात चालवायचे, सांगणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. सात मिनिटांनी भूमिका उलट. फळ्याच्या कोपऱ्यात वेळ लिहायची, म्हणजे शिक्षकाला ओरडावं लागत नाही. यातला खरा फायदा असा की वहीवाल्या २० मुलांकडे शिक्षकाला नीट लक्ष देता येतं.

खडूफळा

अशा रचनेत मान्य. मग ४० मुलांना १० पुरतात, आणि ३० लॅपटॉपमध्ये दोन तुकड्या एकाच वेळी बसून १० उरतात. त्यातले चार राखीव ठेवा. राखीव यंत्र नसेल तर पहिलं यंत्र बिघडलं की जोडीची घडीच मोडते.

सुवाच्य

सहा प्रोजेक्टरबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. विकत घेण्याआधी त्या वर्गात दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या ठेवून चालवून बघा. पडदे ओढून, दिवे घालवून प्रोजेक्टर लावला की मुलांना वही दिसत नाही, आणि वहीत काही लिहायचं नसेल तर तो तास बघण्यातच जातो.

अक्षराचा आकार: ठोकताळा असा की बघणाऱ्यापासून दर ३ मीटरला अडीच सेंटीमीटर उंचीचं अक्षर. शेवटचा बाक ८ मीटरवर असेल तर पडद्यावर अक्षर जवळजवळ ७ सेंटीमीटर हवं. चित्राची उंची १२० सेंटीमीटर असेल तर दोन ओळींमधली जागा धरून आठ-नऊ ओळी, त्यापेक्षा जास्त नाही. देवनागरीत वरखाली मात्रा असतात, त्यामुळे आठच धरा. पुस्तकाचं अख्खं पान पडद्यावर टाकणं म्हणजे मागच्या तीन ओळींना तासातून वगळणं.

माझं ठाम मत: इंटरॅक्टिव्ह बोर्डाआधी वहीवरचा कॅमेरा घ्या. स्टँडवर उलटा धरलेला साधा फोनही चालतो. मुलाची वही त्याखाली ठेवली की अख्ख्या वर्गाला एका खऱ्या उत्तरातली पायरी न पायरी दिसते. "इथे चिन्ह का बदललं?" हा प्रश्न वर्गासमोर येतो. त्याला ना लॉगिन लागतं ना इंटरनेट, आणि भूमितीतल्या रचना, प्रयोगातलं मोजमाप, नकाशाभरण, सगळ्याला चालतं.

एक बारकी गोष्ट: प्रोजेक्टरच्या एचडीएमआय भोकात रोज तार काढ-घाल झाली की ते सैल होतं आणि चित्र लपलपतं. त्यात एक छोटी जोडतार कायमची लावून ठेवा आणि काढ-घाल तिच्या टोकाला करा. झिजली तर जोडतार झिजेल, प्रोजेक्टर शाबूत. हवेची जाळीही महिन्यातून एकदा साफ करा. खडूच्या धुळीने ती बुजते आणि प्रोजेक्टर तापून मध्येच बंद पडतो.

शेवटचा बाक

अवांतर: मागच्या तीन ओळींच्या वतीने सुवाच्य यांचे जाहीर आभार. :)

उघडझाप

सुवाच्य यांनी दिसण्याचं लिहिलं, मी न दिसण्याचं लिहिते. ज्या मुलांना कमी दिसतं किंवा दिसत नाही त्यांच्यासाठी आराखड्यात वेगळं पान नको, प्रत्येक पानावर एक ओळ हवी. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) मोफत आहे आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. आवाज यांत्रिक आहे, पण सवय होते. अडचण साहित्यात असते: शिक्षक पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पीडीएफ करतात. तो मजकूर नसतो, चित्र असतं, त्यामुळे स्क्रीनरीडरला तिथे काहीच सापडत नाही. तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडून एक शब्द माऊसने निवडून बघा. निवडला गेला नाही तर ते साहित्य चालणार नाही.

तीच गत जुन्या फॉन्टची. युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, शोधता येत नाहीत, वाचून दाखवता येत नाहीत. पहिल्या सत्रातच ठरवा: इथून पुढचं सगळं युनिकोडमध्येच. जुनं सगळं बदलत बसू नका. जी प्रश्नपेढी खरंच वापरात आहे तेवढीच बदला आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घाला, रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास हलतात.

अपूर्णांक

आता थोडं पुराव्याचं, कारण समितीत "मुलांना यंत्रं दिली की निकाल सुधारतो" हे वाक्य येणारच. पेरूमध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' कार्यक्रमाचं ३१९ ग्रामीण शाळांत मूल्यमापन झालं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. साधारण १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्रं पोचली होती, वापरही वाढला होता. शिकवणं मात्र होतं तसंच राहिलं.

दुसऱ्या बाजूला दिल्लीतला अभ्यास बघा. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. शाळेनंतरच्या केंद्रांत मुलांना त्यांच्या प्रत्यक्ष पातळीचे प्रश्न देणारी संगणक प्रणाली आणि जोडीला लहान गटांत शिकवणी. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण किती विखुरलेले असतात त्याचं माप) वाढ. पुष्कळ मुलं इयत्तेच्या कितीतरी मागे होती आणि प्रणाली प्रत्येकाला तो जिथे होता तिथून पुढे नेत होती.

उरुग्वेने २००७ पासून सगळ्या सरकारी शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले, पण सोबत शाळाशाळांत इंटरनेट नेलं आणि पुढे पडद्यावरून दूरचे इंग्रजी शिक्षकही आणले. दूरचा शिक्षक आठवड्यातून एकदा, बाकीचे तास वर्गशिक्षकाने घ्यायचे. कोण काय करणार हे आधीच वाटलेलं.

म्हणून पहिल्या वर्षी गणितात ज्या मुलांचं दोन इयत्तांमागचं कच्चं राहिलंय त्यांच्यासाठी पातळीनुसार सराव, यावर मी जोर देईन. शिक्षकाला ४० मुलांना ४० वेगळे प्रश्न देता येत नाहीत. यंत्राला येतात.

खडूफळा

प्रशिक्षणाचं माझ्याकडून. दोन दिवसांचं शिबिर नको. दर आठवड्याला ४० मिनिटं, आणि एका सत्रात एकच साधन. पहिल्या आठवड्यात सहकारी शिक्षक समोर धडा घेऊन दाखवतो, दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने तो आपल्या वर्गात घेतलेला असतो आणि काय फसलं तेवढंच बोलायचं. ही ४० मिनिटं वेळापत्रकात छापलेली हवीत, शाळा सुटल्यावरची नकोत. समन्वयक शिक्षकाचे आठवड्याला चार तास कमी करा. त्याला तास न सोडता वरून हे काम दिलं तर दिवाळीनंतर कार्ट धूळ खाते.

बिनतारी

खात्यांबद्दल. प्रत्येक सेवेचं प्रशासकीय खातं शाळेच्या नावाच्या पत्त्यावर, कोणा सरांच्या खासगी ईमेलवर नाही. त्यांची बदली झाली की शाळेच्या हातून सगळं जातं. दोन प्रशासक, आणि खातं परत मिळवायचे कोड मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद पाकिटात. मुलांच्या खात्याच्या नावात जन्मतारीख किंवा पूर्ण नाव नको, इयत्ता वर्षागणिक बदलते म्हणून तीही नको. प्रवेशाचं वर्ष आणि अनुक्रम पुरतो. पाचवीच्या मुलांना अवघड पासवर्ड दिला की तो डबीवर लिहिला जातो, त्यापेक्षा तीन साधे शब्द जोडून द्या. आणि कोणतंही नवं ॲप घ्यायच्या आधी एकाच वहीत नोंद करा: मुलांची कोणती माहिती बाहेर जाते, पालकांची संमती आहे का, मूल शाळा सोडून गेल्यावर ती कोण पुसणार.

तारतंत्री

देखभालीचे तीन मुद्दे राहिले.

कोणी जुने लॅपटॉप देणगी देत असेल तर "चालतात का" हे विचारून भागत नाही. त्यांना सुरक्षा अपडेट अजून मिळतात का ते बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्रोमबुकची (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) अपडेटची मुदत ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही घेतल्यापासून नाही. जुन्या यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी, मोफत प्रणाली टाकता येते, पण ती सांभाळणारा माणूस आराखड्यात नावानिशी हवा.

दुसरं, "इंटरनेट आहे पण एकही साइट उघडत नाही, सगळीकडे सुरक्षेचा इशारा येतो." आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. बॅटरी बदलायची, तारीख लावायची, काम झालं.

तिसरं, सुट्टीनंतर प्रत्येक लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. डुगडुगत असेल, टचपॅड वर आलेलं असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तो चार्जरला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, कार्टमधून लगेच वेगळा काढून जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यायची. आणि सुट्टीला जाताना ४० ते ६० टक्के चार्ज ठेवून बंद करायचे. पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवले की बॅटरी खराब होते.

शेवटचा बाक

तिसऱ्या वर्षीचं एआय राहिलं की!

सुवाच्य

ते तिसऱ्या वर्षी ठेवणंच चूक आहे. मुलं आजच फोनवर वापरतात. नियम पहिल्या वर्षीच हवेत, खरेदी कसलीच नको. गृहपाठ एआयने लिहिलाय का हे ओळखणाऱ्या साधनांवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. खोटा आरोप एका मुलावर झाला तरी तो फार मोठा आहे. त्यापेक्षा कामाची रचना बदला: निबंधाचे मुद्दे वर्गात हाताने, पहिला खर्डा वर्गात, आणि दिल्यावर दोन तोंडी प्रश्न. "हा परिच्छेद आधी का घेतलास?" याला ज्याने लिहिलंय तोच उत्तर देतो. शिक्षकांनी प्रश्नांचे मसुदे काढायला जरूर वापरावं, पण प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून, आणि मुलांची नावं किंवा गुण त्यात कधीही न टाकता.

निळी शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून क्रम असा लावते आहे, चुकत असेल तिथे अडवा.

पहिलं सत्र, खरेदी जवळजवळ नाही: घटकांची यादी, विजेची तपासणी, युनिकोडचा निर्णय, खात्यांची वही, एआयचे नियम, चार वर्गांत वहीवरचा कॅमेरा आणि पडदा, आणि साप्ताहिक ४० मिनिटं. दुसरं सत्र: दहा लॅपटॉपची एक पेटी, शाळेतला साठवण-संगणक, दोन खोल्यांत तारेने जोडलेली ठाणी, फक्त सातवी आणि आठवीचं गणित व विज्ञान. दुसऱ्या वर्षी, पहिल्या पेटीचा वापर बघून, उरलेल्या पेट्या. टॅबलेट सध्या काढून टाकते, एकाही घटकाच्या यादीत त्यांची गरज निघेल असं वाटत नाही.

मोजमापाचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

अपूर्णांक

किती तास वापरलं हे मोजू नका, ते आकडे वाढवता येतात. प्रत्येक निवडलेल्या घटकासाठी पाच प्रश्न काढा, मुलं जिथे चुकतात तेच. एकदा शिकवण्याआधी, एकदा लगेच नंतर, आणि तेच थोडे बदलून तीन आठवड्यांनी. तिसरा आकडा महत्त्वाचा. शक्य असेल तर एक तुकडी नव्या पद्धतीने, दुसरी नेहमीच्या, आणि पुढच्या घटकाला उलट, म्हणजे कोणत्याच तुकडीवर अन्याय नाही. तुकड्या मुळात सारख्या नसतात, म्हणून नुसते शेवटचे गुण न बघता किती फरक पडला ते बघा. सत्राच्या शेवटी ज्या तीन गोष्टींनी फरक पडला नाही त्या बंद करायच्या, आणि बंद केल्याचं आराखड्यात लिहायचं.

पेटीकुलूप

क्रम चांगला आहे. एकच भर. पेटीची किल्ली कोणाकडे हे लिहा. किल्ली कार्यालयात असेल आणि दर वेळी सही करून आणावी लागणार असेल, तर शिक्षक दोनदा जातील, तिसऱ्यांदा जाणार नाहीत. एक किल्ली समन्वयकाकडे, एक त्याच मजल्यावरच्या वर्गशिक्षकाकडे, तिसरी कार्यालयात राखीव. आणि पेटीच्या झाकणाच्या आत नोंदवही बांधून ठेवा: तारीख, तास, तुकडी, परत ठेवताना किती यंत्रं, कोणतं बिघडलं.

निळी शाई

लिहिलं. झाकणाच्या आतली वही आवडली. पेटी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली तर चालेल का, की शाळा सुटताना बंदच करायची?

तारतंत्री

माणसं नसलेल्या इमारतीत चार्जिंग नको. शेवटच्या दोन तासिकांना टायमरवर लावा, बहुतेक लॅपटॉप तेवढ्या वेळात पुरेसे भरतात. सुटताना भिंतीवरचं बटण बंद. ते बटण कोण बंद करणार त्याचं नावही आराखड्यात टाका.